वाळवंटात हीटर कशाला?

दुबईत पहिली गाडी घेतली तेव्हा आम्ही विक्रेत्याला एक प्रश्न विचारला होता. डॅशबोर्डवरच्या त्या गोल बटणाचा अर्धा भाग निळा आणि अर्धा लाल होता. आमचा प्रश्न असा, की ह्या देशात त्या लाल भागाचा उपयोग काय? अमेरिकेत शिकत असताना उणे वीस तापमानात आम्ही त्या लाल भागावर जीव लावला होता. पण इथे जून महिन्यात हीटर? विक्रेता हसला, आम्हीही हसलो आणि पुढची कित्येक वर्षे ते बटण कायम निळ्याच्या टोकाला राहिले.

ते लालकडे वळले २५ ऑगस्ट २०१७ रोजी. तारीख लक्षात राहण्याचे कारण म्हणजे त्या वर्षी गणेशचतुर्थी शुक्रवारी आली होती, आणि तेव्हा इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारचीच असे. अल ऐनला मित्राच्या घरी दीड दिवसाचा गणपती होता. सौ.ने पहाटे उठून एकवीस उकडीचे मोदक केले होते. तो स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ती पुढे बसली, मागे दोन्ही मुले. साडेबाराच्या आरतीला पोहोचायचे म्हणून अकराच्या सुमारास निघालो. बाहेर ४५ अंश, आत एसी झकास आणि गाडीत आरत्यांची उजळणी चाललेली.

अर्ध्या वाटेवर गाडीत गोडसर वास येऊ लागला. आम्ही तो मोदकांच्या सारणाचा समजलो आणि सोडून दिला. (वेलची जरा जास्त पडली का, असे विचारण्याचे धाडसही केले. त्याचे उत्तर इथे देत नाही.) आणखी पाचसहा मिनिटांनी एसीची हवा कोमट वाटू लागली म्हणून पंखा वाढवायला हात पुढे केला, तेव्हा कुठे आमची नजर काट्याकडे गेली. तापमानाचा काटा, जो वर्षानुवर्षे बरोबर मध्ये उभा असायचा, तो लाल पट्टीच्या जेमतेम बोटभर खाली आला होता.

आमचा हात आपोआप ते बटण लालकडे फिरवून मोकळा झाला. एसी बंद, चारही काचा खाली, हीटर पूर्ण, पंखा पूर्ण.

"अहो, हे काय करताय?" सौ. ओरडली. मागून मुलीने काळजीने विचारले, "बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?" मुलगा काही बोलला नाही, त्याने फक्त सीटवर पाय वर घेतले. खालून येणारी हवा पाय भाजेल इतकी गरम होती. पण दोन मिनिटांत काटा थबकला आणि मग हळूहळू, अगदी मिनिटकाट्याच्या चालीने, खाली सरकू लागला. उजव्या लेनमध्ये येऊन, वेग बेताचा ठेवून आम्ही पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत पोहोचलो. मोदक त्या दिवशी दुसऱ्यांदा वाफवले गेले.

आता ह्यात जादू काही नाही. इंजिनात जाळलेल्या पेट्रोलमधली एक तृतीयांशाहून कमी ऊर्जाच चाकांपर्यंत जाते. बाकीची उष्णता होते, आणि तिचा मोठा वाटा कूलंटमार्फत रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. एसी ह्या कामात दुहेरी अडथळा आणतो. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर चालतो, म्हणजे इंजिनावर जादा भार. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो. गाडीच्या आतून काढलेली उष्णता तो नेमकी रेडिएटरच्या तोंडावर फेकतो. म्हणून काटा चढू लागला की पहिले काम एसी बंद करण्याचे. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचेच तापलेले कूलंट त्यातून फिरते आणि पंखा ती उष्णता आपल्या पायांवर आणून सोडतो. हीटर चालू केला म्हणजे गाडीला तेवढ्यापुरता दुसरा रेडिएटर मिळाला. घाम आपल्याला फुटतो, पण इंजिन वाचते.

ही युक्ती सुरक्षित जागा गाठण्यापुरतीच, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. काटा लाल पट्टीत शिरला असेल, लाल दिवा लागला असेल किंवा बॉनेटमधून वाफ दिसत असेल, तर हीटर-बिटर काही नाही. धोक्याचे दिवे लावून रस्त्याच्या कडेला, पिवळ्या रेषेच्या पलीकडे जायचे, इंजिन बंद करायचे आणि माणसांना रहदारीपासून लांब उभे करायचे. "पुढचा एक्झिट दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून रेटलेल्या गाडीचे हेड गॅसकेट गेलेले आम्ही पाहिले आहे. त्या दुरुस्तीच्या पैशात कुटुंबाची मुंबईवारी झाली असती.

पंपावर थांबलो तेव्हा बॉनेटखाली हिरवे थेंब टपकत होते. रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपपाशी चिरला होता. तो गोड वास कूलंटचा होता, मोदक निर्दोष होते! पंपावरचा एक भला पोरगा फडके घेऊन थेट रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकच्या पठाण ड्रायव्हरने त्याचा हात धरला. "भाईसाब, अभी मत खोलो, मुँह जल जाएगा." आमच्या पदव्यांपेक्षा त्या माणसाचे ज्ञान त्या क्षणी जास्त कामाचे होते. पाणी आणि कूलंट अर्धे-अर्धे असले तर ते मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणामुळे आत दाब राहतो आणि उकळण्याचा बिंदू १२५ अंशांच्याही पुढे जातो. म्हणजे आतले द्रव ११५ अंशांवर असूनही शांत दिसू शकते. झाकण सैल केले की दाब उतरतो आणि सगळे एका क्षणात उकळून वर, उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबावे, वरच्या पाइपला हात लावता आला तरच जाड कापड धरून झाकण हळूहळू सैल करावे. "इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, साधे पाणी चालेल" असे म्हणणारे बरेच भेटतात. कूलंट गोठण्यापासून वाचवते तसेच उकळण्यापासूनही वाचवते, आणि गंज रोखते. रोजच्या वापरासाठी नळाचे पाणी भरू नये.

आमच्या पिढीला गाडी तापणे नवे नाही खरे तर. जुन्या बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि ट्रकांची रांग आणि झऱ्यावर पाण्याचा डबा भरायला धावणारा काका, हे पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कुटुंबाच्या आठवणीत असणारच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी चालवणारा माणूस सकाळी चोक ओढायचा, इंजिनाचा आवाज ऐकत चोक बेताबेताने आत ढकलायचा आणि घाटात वास आला की गाडी बाजूला घ्यायचा. काचा उघड्या असत, त्यामुळे कान आणि नाक दोन्ही जागे असत. आता आपण बंद काचांच्या थंड खोलीत बसून ताशी १२० ने जातो. इंजिन कण्हते ते ऐकू येत नाही. मग उरतात फक्त ते काटे आणि दिवे, आणि त्यांच्याकडे बघायची आपली सवय गेली आहे.

१९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड ह्या अमेरिकन कंपनीने पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवून दिला. त्याचा कॉम्प्रेसर बंद करायला बटणच नव्हते. इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. तेव्हाच्या मालकाला एसीचा इंजिनाशी काय संबंध आहे हे चांगलेच कळत असणार. आपल्याला बटण मिळाले आणि संबंध विसरला गेला.

तर काट्यांविषयी थोडे. तापमानाचा काटा प्रामाणिक असतो असे समजू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मंद केलेला असतो. कूलंट ८५ अंशांवर असो की १०५, काटा मध्येच दाखवतो, कारण तो जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजमध्ये येते! म्हणून तो मध्यावरून वर सरकलेला दिसला की बराच उशीर झालेला आहे असे धरावे. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. सगळे कूलंट गळून गेले तर सेन्सरला भिडायला द्रवच राहत नाही आणि काटा खाली पडू शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक "थंड" दाखवू लागला आणि हीटर लावूनही गार हवा आली, तर आनंद मानू नये, ताबडतोब थांबावे. आजकालच्या काही गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, आणि लाल म्हणजे मामला हाताबाहेर. अधलेमधले काही नाही.

दिव्यांचे रंग वाहतुकीच्या सिग्नलसारखे आहेत. लाल दिसला की थांबा, पिवळा दिसला की लवकर दाखवून घ्या. तेलाच्या झारीचा लाल दिवा म्हणजे तेलाचा दाब गेला. तिथे अर्धा मिनिटही चालवू नये, इंजिन सीझ होते. बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला की लोक "बॅटरी बदलून टाकू" म्हणत पुढे जातात. त्याचा अर्थ बॅटरी चार्ज होत नाही असा आहे, आणि पुष्कळदा पट्टा तुटलेला असतो. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे पाचच मिनिटांत तापमानाचा दिवा पाठोपाठ येणार.

ह्या सगळ्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मंडळींत रोज घडते. बकाल्यासमोर गाडी उभी करायची, इंजिन आणि एसी चालू ठेवायचा, मुलाला मागे बसवून "दोन मिनिटांत आलो" म्हणून उतरायचे. किंवा भारतातून आलेले आजी-आजोबा म्हणतात, "आम्ही बसतो रे गाडीतच, तू जाऊन ये." त्यांना उन्हातून चालणे नको असते आणि आपल्याला घाई असते. एसी चालू आहे ना, मग काय होणार?

काय होऊ शकते ते ऐका. उभी गाडी चालू ठेवली की रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळा भार त्या एका विजेच्या पंख्यावर. पंखा बिघडलेला असेल तर कूलंट तापू लागते. बऱ्याच नव्या गाड्यांचा संगणक अशा वेळी इंजिन वाचवण्यासाठी एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद करतो. आमच्या गाडीतली हवा कोमट झाली होती ती ह्याच कारणाने. गाडी स्वतःचा जीव वाचवते आणि आतले माणूस काचा बंद असलेल्या भट्टीत राहते. तो काटा वाचायला चालकाच्या जागी कोणी नसते. तीन वर्षांच्या मुलाला काच खाली करता येत नाही, आणि आजीला ती बटणे कोणी दाखवलेली नसतात. शिवाय मूल पुढे येऊन गिअर ओढू शकते, ते वेगळेच.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 'पीडिॲट्रिक्स' ह्या नियतकालिकात २००५ साली एक प्रयोग छापून आला होता. बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीत तासाभरात सरासरी २२ अंशांची वाढ झाली, आणि त्यातली चार पंचमांश पहिल्या अर्ध्या तासातच. काच थोडी उघडी ठेवून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे सुरुवातच ४५ पासून होते. २४ मे २०२५ रोजी अल ऐन भागातल्या स्वेहानला ५१.६ अंश नोंदले गेले, तेही सावलीतले. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. २०१४ साली अबू धाबीत शाळेच्या बसमध्ये विसरली गेलेली भारतीय चिमुरडी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुलांची अशी हयगय हा इथल्या २०१६ च्या बालहक्क कायद्याखाली, म्हणजे वदीमा कायद्याखाली, गुन्हा आहे. पण कायद्याची भीती घालायला आम्ही हे लिहीत नाही.

आमच्या घरी नियम सोपा आहे. इंजिन चालू असो वा बंद, चालक उतरला की सगळे उतरतात. आई भारतातून आली की पहिल्याच दिवशी तिला गाडीत बसवून दार आतून कसे उघडायचे, काच कशी खाली करायची, हॉर्न कुठे आहे, हे दाखवतो. ती पहिल्यांदा म्हणाली, "मला काय गाडी चालवायला शिकवतोस का या वयात?" पण शिकली. एसी लावून गाडीत झोपणे हाही त्यातलाच प्रकार. थकलेला माणूस वाळूत किंवा बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून डोळा लावतो. एक्झॉस्टला गळती असेल किंवा जागा कोंदट असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला तो जागे करत नाही.

आता गाडी सुरू करण्याविषयी. उन्हात तापलेल्या गाडीत बसून लगेच एसी पूर्ण लावण्यात अर्थ नाही. आत साठपासष्ट अंशांची हवा कोंडलेली असते, ती आधी काचा उघडून मिनिटभर गाडी चालवत बाहेर काढावी. सुरुवातीला बाहेरची हवा, आतली हवा बाहेरच्याहून थंड झाली की मग आतलीच हवा फिरवण्याचे बटण. किल्ली सेल्फच्या आधीच्या 'ऑन' टप्प्यावर फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात ते दिवे शाबूत आहेत हे दाखवण्यासाठी. जो तेव्हा लागत नाही तो संकटातही लागणार नाही. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. आणि सुरू झाल्या झाल्या गाडी रेस करण्याची आपली जुनी सवय सोडावी, तेल वर पोहोचायला काही सेकंद लागतात.

बॅटरी थंडीत मरते असे आम्ही अमेरिकेत शिकलो होतो. खरे तर उन्हाळा तिला मारतो, थंडीत फक्त ते कळते. इथे दोन-अडीच उन्हाळे काढले की सेल्फचा आवाज जड होऊ लागतो. तेव्हाच बदलावी, नाहीतर रात्री दोनला विमानतळाच्या पार्किंगमध्ये ती आपले आयुष्य संपवते. जंप देताना शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावा, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते.

सुरू न करण्याचा धडा मात्र १६ एप्रिल २०२४ ने दिला. १९४९ पासूनच्या नोंदींतला इथला सर्वांत मोठा पाऊस तो. अल ऐनजवळच्या खतम अल शक्लाला चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. दुबई-शारजात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी "बघू तरी चालू होते का" म्हणून बटण दाबले. ठण् असा एकच आवाज आला. सिलिंडरमध्ये हवा असेल तर ती दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी धुऊन-सुकवून, तेल बदलून वाचली असती तिचे इंजिनच गेले, आणि विमा कंपनीशी वाद सुरू झाला तो वेगळा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेले असेल तर किल्लीला हातही लावू नये, बॅटरीचा निगेटिव्ह काढून गाडी उचलूनच न्यावी.

राहिली काच. इथे ती दोन प्रकारे धुरकट होते आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून घोळ होतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट रात्री एसीने काच थंड होते आणि बाहेरून दव धरते. आतून कितीही पुसले तरी जाणार नाही. वायपर मारावा आणि थंड हवेचा झोत काचेवरून वळवावा. डिसेंबर ते मार्चच्या धुक्यात मात्र आपल्या श्वासाने काच आतून धुरकटते. तेव्हा बाहेरची हवा चालू ठेवून, एसीसकट, झोत काचेवर सोडावा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि त्याला थोडी ऊब दिली, म्हणजे ते लाल बटण अर्धे फिरवले, की काच आणखी लवकर साफ होते. ११ मार्च २००८ च्या पहाटे अबू धाबी-दुबई रस्त्यावर घंटूतजवळ धुक्यात सुमारे दोनशे गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. धुक्यात समोरचे दिसत नाही, निदान आपल्या काचेने त्यात भर घालू नये.

आतली हवा फिरवण्याचे बटण लांबच्या प्रवासात कायम दाबून ठेवू नये, हेही जाता जाता. चार माणसांच्या श्वासाने गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला पेंग येते. वाळूचे वादळ असेल तरच ते बटण सलग लावावे. नाहीतर अर्ध्या तासाने पाचेक मिनिटे बाहेरची हवा घ्यावी.

त्या चतुर्थीला आरती चुकली. त्या पठाणाने चिरलेला भाग कापून, पाइप खाली ओढून क्लिप पुन्हा आवळून दिली, आणि पैसे घ्यायला नकार दिला. शेवटी दोन मोदक देऊ केले, ते त्याने घेतले. एकोणीस मोदक घेऊन आम्ही तीन वाजता पोहोचलो. टायरविषयी लिहायचे राहूनच गेले. संपादकांनी जागा दिली तर ते पुढच्या अंकात.